वाशीम जिल्ह्यातील निसर्गनोंदी : हौशी निरीक्षकाने काय पाहावे आणि कसे लिहावे

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा वन्यजीवांच्या संदर्भात क्वचितच चर्चेत येतो. उत्तरेला मेळघाट, पूर्वेला टिपेश्वर आणि पश्चिमेला ज्ञानगंगा व लोणार अशी नावाजलेली ठिकाणे असल्याने अभ्यासक आणि पर्यटक दोघेही हा जिल्हा ओलांडून पुढे जातात, आणि त्यामुळे येथील माळरानांवर, तलावांवर, नाल्याकाठी व शेताच्या धुऱ्यांवर वर्षभर जे घडते त्याचा लेखी मागोवा फारसा ठेवला जात नाही. ही उणीव भरून काढण्यास जिल्ह्यात राहणारी, रोज त्याच पांदण रस्त्याने जाणारी माणसेच सर्वांत योग्य आहेत. ज्याचा हा व्यवसाय नाही, परंतु जो नियमाने पाहतो आणि पाहिलेले शिस्तीने लिहून ठेवतो, त्याला हौशी निरीक्षक म्हणावे. त्याच्या कामाचे मोल दुर्मीळ प्राणी दिसण्यावर ठरत नाही; एकाच जागी, एकाच पद्धतीने, दीर्घकाळ केलेल्या साध्या नोंदींवर ते ठरते, आणि पुढील मार्गदर्शन याच भूमिकेतून केले आहे.

प्रथम जिल्ह्याची ठेवण लक्षात घ्यावी. वाशीमचा उंचवटा हा दोन खोऱ्यांमधला जलविभाजक आहे, म्हणजे येथे पडणारे पाणी दोन विरुद्ध दिशांनी वाहून जाते : काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला आणि पुढे तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते, तर अडाण, अरुणावती व पूस या नद्यांचे पाणी पैनगंगेतून अखेर गोदावरीत व बंगालच्या उपसागरात जाते. या रचनेमुळे थोड्याच अंतरात काळ्या कसदार मातीची शेते, मुरमाड माळ, पानझडी जंगलाच्या टेकड्या आणि लहान-मोठे तलाव असे वेगवेगळे अधिवास आढळतात. अधिवास म्हणजे एखाद्या जीवाला अन्न, निवारा व प्रजननाची सोय मिळते अशी जागा. काळविटांसाठी राखलेले सुमारे १८ चौरस किलोमीटरचे कारंजा-सोहोळ अभयारण्य गवताळ प्रदेशाचा, तर अकोला व वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य सागमिश्रित पानझडी जंगलाचा नमुना आहे. वाशीम शहराजवळचा एकबुर्जी तलाव पाणपक्ष्यांच्या निरीक्षणाला सोयीचा आहे. तथापि नवशिक्या निरीक्षकाने आरंभ अभयारण्यापासून करू नये. घरापासून पायी जाता येईल असा एखादा नाला, गावतलाव, ई-क्लासची पडीक जमीन किंवा स्वतःच्या वावराचा धुरा निवडावा, आणि किमान एक संपूर्ण वर्ष, पावसाळ्यातला चिखल व वैशाखातले ऊन धरून, तिथेच जात राहावे. इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट यांनी सेलबोर्न या एका खेड्याच्या परिसरापुरती आपली निरीक्षणे मर्यादित ठेवली, आणि १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही वाचला जातो. रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये नॉरफोकमधील आपल्या जमिनीवर झाडांना पाने फुटण्याच्या व पक्षी परतण्याच्या तारखा टिपण्यास सुरुवात केली, त्या त्यांच्या वंशजांनी विसाव्या शतकापर्यंत चालू ठेवल्या, आणि आज हवामानबदलाच्या अभ्यासात त्यांचा आधार घेतला जातो. या दोघांपैकी कोणीही दूरच्या प्रदेशात गेला नव्हता.

नोंदीचा गाभा म्हणजे तिच्यातील परिस्थितीचा तपशील. 'कारंज्याजवळ काळवीट दिसले' हे वाक्य खरे असले तरी पाच वर्षांनी ते कोणाच्याही उपयोगाचे राहत नाही, कारण किती, कोणत्या वयाचे, कोणत्या प्रकारच्या जमिनीवर, किती वाजता आणि निरीक्षक तेथे किती वेळ होता यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. त्याऐवजी तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, गाव आणि शिवार, जवळची कायमची खूण, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, आभाळाची स्थिती, चाललेले अंतर, सोबत असलेल्यांची संख्या, आणि मग प्राण्यांचे वर्णन अशा क्रमाने लिहावे. काळविटांच्या बाबतीत गडद रंगाचे, पिळदार शिंगांचे प्रौढ नर, अद्याप बदामी रंग असलेले तरुण नर, माद्या आणि पाडसे यांची संख्या वेगवेगळी लिहावी. कळप चरत होता, विसावला होता, की सोयाबीनच्या वावरातून हाकलला जात होता हेही लिहावे. याला प्रयत्नाची नोंद असे म्हणता येईल, कारण तिच्यात जे दिसले त्याबरोबर ते पाहण्यासाठी किती श्रम व वेळ खर्च झाला हेही कळते, आणि त्याशिवाय दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. ज्या दिवशी काहीच दिसले नाही त्या दिवशीची नोंद तर अवश्य करावी. बहुतेक हौशी वह्यांमध्ये हाच भाग कोरा असतो, आणि एखादा प्राणी परिसरातून केव्हा नाहीसा झाला हे नेमके त्या कोऱ्या पानांमुळे समजेनासे होते.

वहीत तीन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नये : स्वतः पाहिलेले, खुणांवरून अनुमान केलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले. 'लांडगा आला होता' असे लिहिण्याऐवजी, ओलसर मातीत श्वानकुळातील प्राण्याचे पाऊल उमटले होते, त्याची लांबी-रुंदी इतकी होती, आणि गुराख्याच्या सांगण्याप्रमाणे पहाटे लांडगा दिसला होता, अशी तिन्ही अंगे स्वतंत्रपणे मांडावीत, कारण लांडग्याचा व मोठ्या गावठी कुत्र्याचा ठसा अनुभवी माणसालाही चकवतो. नोंद जागेवरच, त्याच दिवशी करावी. रात्री घरी आठवून लिहिलेल्या नोंदीत मन नकळत संख्या गोल करते आणि अपेक्षित प्राणी भरते. यासाठी लागणारे साहित्य थोडेच आहे : जाड पुठ्ठ्याची खिशात मावणारी वही, पेन्सिल, आठ किंवा दहा पटींची दुर्बीण आणि लहान मोजपट्टी. कॅमेरा उपयोगी असला तरी तो वहीची जागा घेऊ शकत नाही.

एका साध्या पक्ष्याकडे किती बारकाईने पाहता येते याचा आदर्श महाराष्ट्रातच घडला आहे. मुंबईच्या संग्रहालयातील नोकरी संपुष्टात आल्यानंतर सालिम अली अलिबागजवळच्या किहीम येथे राहत होते, आणि १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी तेथील सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे रोज निरीक्षण करून पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. नर घरटे अर्धवट विणून थांबतो, माद्या येऊन ती घरटी तपासतात, एखादीने पसंत केल्यावरच नर प्रवेशाची लांब नळी पूर्ण करतो, आणि ती मादी अंडी उबवू लागताच तो दुसरे घरटे विणायला घेऊन दुसरी मादी मिळवतो, हा क्रम त्यांनी नीट उलगडला. त्यासाठी त्यांना सबंध भारत फिरावा लागला नाही. सुगरणीची अशी वसाहत वाशीम जिल्ह्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा नाल्याकाठच्या शिंदीला लटकलेली सहज आढळते. निरीक्षकाने वसाहतीचे रेखाचित्र काढून प्रत्येक घरट्याला क्रमांक द्यावा आणि आठवड्यातून ठरावीक दिवशी प्रत्येकाची अवस्था लिहावी : नुसते कडे, शिरस्त्राणासारखे अर्धे विणलेले, नळीसह पूर्ण, सोडून दिलेले, वाऱ्याने पडलेले. विणण्यासाठी पाती कोणत्या पिकाची किंवा गवताची आणली जातात, अर्धवट घरट्याच्या आत चिखलाचे गोळे लावलेले दिसतात का, पाऊस लांबला तर वीण किती दिवस पुढे जाते, या प्रश्नांची उत्तरे जून ते सप्टेंबर या काळात एकाच विहिरीच्या काठावर बसून मिळू शकतात. पिल्ले असताना घरट्याला हात लावू नये, आणि हंगामानंतर खाली पडलेली घरटी तेवढी उघडून पाहावीत.

शेतकऱ्यांच्या पारंपरिक समजुतींना हौशी निरीक्षकाने हसून सोडूही नये आणि तपासल्याविना स्वीकारूही नये. टिटवीने उंच जागी अंडी घातली तर पाऊस जास्त आणि सखल जागी घातली तर कमी, हा ठोकताळा वऱ्हाडात सर्वत्र ऐकू येतो. तो तपासण्याचा मार्ग असा, की उन्हाळ्यात आपल्या शिवारातील टिटवीची प्रत्येक जागा शोधून जवळच्या नाल्याच्या तळापासून तिची अंदाजे उंची लिहावी आणि त्या वर्षीचा तालुक्याचा पाऊस तिच्यासमोर मांडावा. एका वर्षाच्या मेळाला अर्थ नसतो, पण दहा वर्षांच्या तक्त्यातून काही म्हणता येईल. टिटवीची अंडी बहुधा चार असतात, उघड्या मुरमावर मातकट ठिपक्यांमुळे ती जवळून पाहूनही दिसत नाहीत, आणि उबवण्यास सुमारे चार आठवडे लागतात. नर-मादी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की निरीक्षक फार जवळ आला आहे असे समजून मागे फिरावे, कारण मे महिन्यातील दुपारच्या उन्हात अंडी थोडा वेळ उघडी राहिली तरी नासू शकतात. पावश्याची पहिली हाक, चातकाचे आगमन, पहिल्या चांगल्या सरीनंतर मातीतून निघणारे मखमली लाल मृगाचे किडे, हे सर्व ऋतुनोंदींचे विषय आहेत. ऋतुनोंद म्हणजे निसर्गातील एखादी घटना दरवर्षी कोणत्या तारखेला प्रथम घडते याची नोंद. मृगाचा किडा वस्तुतः कीटक नाही, पूर्ण वाढीच्या अवस्थेत त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्यांच्या वर्गातील माइट या गटात मोडतो, हे साध्या भिंगातूनही पाहता येते. नक्षत्राचे नाव लिहिण्याची ग्रामीण सवय चांगली आहे, फक्त त्याच्यासोबत इंग्रजी तारीखही लिहावी. वृक्षांसाठी पळस, मोह, कडुनिंब, बहावा यांपैकी दोन-तीन झाडे निश्चित करून त्याच झाडांची पानगळ, पहिली कळी, पूर्ण बहर आणि पहिले फळ यांच्या तारखा दरवर्षी टिपाव्यात.

या जिल्ह्यातील सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणूनच सर्वांत अधिक निरीक्षण व्हावा असा अधिवास गवताळ माळाचा आहे. सरकारी कागदांत अनेकदा पडीक म्हणून गणलेल्या या जमिनींवर मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी अशी निरनिराळी गवते वाढतात, त्यांच्या आधाराने तितर, लावा, चंडोल, ससा, खोकड आणि लांडगा जगतात, हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी उत्तरेकडून येऊन दिवसभर गवतावरून कमी उंचीवर उडत भक्ष्य शोधतात व सायंकाळी उंच गवतातच एकत्र मुक्काम करतात. तणमोर हा माळढोकाच्या कुळातील लहान पक्षी पावसाळ्यात अशाच माळांवर वीण घालतो. काळ्या-पांढऱ्या पिसाऱ्याचा नर मादीला आकर्षित करण्यासाठी गवतातून सरळ वर उड्या मारतो, तेवढ्या क्षणापुरताच तो दुरून दिसतो. २०२१ मध्ये या पक्ष्याचा समावेश जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी जवळच्या, गटात करण्यात आला. अकोला व वाशीम या दोन जिल्ह्यांत 'संवेदना' या संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेऊन गवताळ जमिनी व तणमोर राखण्याचे जे काम केले आहे, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या या प्राण्यांचा माग काढला, त्याचे ज्ञान कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक बारीक आहे. हौशी निरीक्षकाने गुराखी, पारधी आणि तांड्यावरील वृद्ध बंजारा स्त्री-पुरुषांकडून शिकावे, त्यांनी सांगितलेले स्थानिक नाव जसेच्या तसे लिहावे, आणि माहितीचे श्रेय त्यांना वहीत स्पष्टपणे द्यावे. माळ मोकळा दिसतो म्हणून त्यावर खड्डे खणून झाडे लावण्याचे उपक्रम चांगल्या हेतूने होत असले तरी त्यांनी गवताळ अधिवास नष्ट होतो. अशा उपक्रमापूर्वी त्या जागेची गवते व पक्षी यांची यादी ग्रामपंचायतीसमोर ठेवणे हे निरीक्षकाचे कर्तव्य मानावे.

वनस्पतींची ओळख पटवताना घाई करू नये, विशेषतः गवतांच्या बाबतीत, कारण फुलोरा येईपर्यंत, म्हणजे साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, त्यांतील फरक उघड होत नाहीत. छायाचित्र घेताना संपूर्ण झाड किंवा झुडूप, पानाची वरची व खालची बाजू, खोडाची साल, फूल समोरून व बाजूने, आणि फळ अशी निरनिराळी चित्रे मोजपट्टी ठेवून घ्यावीत. एकट्या सुंदर फुलाच्या चित्रावरून तज्ज्ञालाही जाती सांगता येत नाही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा जुना ग्रंथ अजूनही वापरात असला तरी वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते, म्हणून भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९६ ते २००१ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्राच्या वनस्पतिग्रंथाचा आधार घेणे अधिक योग्य ठरते. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' हाताशी असावा. गाजर गवत व रायमुनिया या बाहेरून आलेल्या वनस्पती कोणत्या माळावर किती पसरल्या आहेत याची दरवर्षी एकाच जागेवरून घेतलेली छायाचित्रे फार उपयोगी पडतात.

सस्तन प्राणी बहुधा दिसत नाहीत, त्यांच्या खुणा दिसतात. रोही एकाच ठिकाणी वारंवार लेंड्या टाकून ढीग करतो, तरसाची विष्ठा हाडांमुळे वाळल्यावर पांढरी पडते, सायाळीचे काटे तिच्या बिळाजवळ सापडतात. रोही व रानडुकरांनी केलेल्या पिकांच्या नुकसानीच्या नोंदी तारीख, पीक, त्याची अवस्था व क्षेत्र यांसह केल्या, तर त्या शेतकऱ्याच्या भरपाईच्या अर्जालाही आणि अभ्यासालाही कामी येतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याच्या उपक्रमात वनविभाग हौशी लोकांना सहभागी करून घेतो. हा अनुभव अवश्य घ्यावा, परंतु तोच प्राणी दोनदा येऊ शकतो आणि पाण्याजवळ न आलेला प्राणी मोजलाच जात नाही, त्यामुळे त्या आकड्यांना खरी संख्या समजू नये. रस्त्यांवर वाहनांखाली मेलेले प्राणी हा दुःखद पण महत्त्वाचा विषय आहे. समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून आणि कारंजा-सोहोळच्या जवळून जातो, मात्र त्यावर थांबणे स्वतःच्या जिवावर बेतू शकते, म्हणून असे निरीक्षण गावच्या व तालुक्याच्या रस्त्यांपुरतेच ठेवावे.

प्रामाणिकपणाचा प्रश्न या क्षेत्रात केवळ नीतीचा नाही. रानपिंगळा या लहान घुबडाचा अखेरचा खरा नमुना १८८४ मध्ये गोळा झाला होता, परंतु रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने गुजरातेतील मांडवी येथे १९१४ मध्ये आपण हा पक्षी मिळवल्याचा दावा केला. तो नमुना जुन्या संग्रहातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेला होता, हे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी पुढे दाखवून दिले. त्या एका खोट्या चिठ्ठीने नंतरच्या शोधकर्त्यांची दिशाभूल केली. ती नोंद बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या जागांवर लक्ष केंद्रित केल्यानंतर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना हा पक्षी खानदेशात शहाद्याजवळ जिवंत आढळला, आणि पुढे तो मेळघाटातही सापडला. म्हणून शंका असेल तेथे 'ओळख अनिश्चित' असे लिहिण्यास संकोच करू नये. 'शिकारी पक्षी, बहुधा भोवत्या, मादी किंवा तरुण पक्षी' ही नोंद चुकीच्या नेमकेपणापेक्षा कितीतरी अधिक मोलाची आहे.

नोंद प्रसिद्ध करताना तणमोर, घुबडांची घरटी, खवल्या मांजर, कासव किंवा लांडग्याच्या गुहेची नेमकी जागा उघड करू नये, कारण शिकारी आणि उतावळे छायाचित्रकार दोघेही अशा माहितीच्या शोधात असतात. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हा गुन्हा आहे, आणि अभयारण्यात जाण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. साप दिसल्यास दुरून छायाचित्र घ्यावे. घोणस, मण्यार, नाग यांना हाताळण्याचे धाडस निरीक्षणात मोडत नाही.

वह्या घरातल्या कपाटात राहिल्या तर त्यांचा उपयोग लिहिणाऱ्यापुरताच होतो. पक्ष्यांच्या याद्यांसाठी २००२ पासून चालणारे ई-बर्ड आणि सर्व जीवांसाठी २००८ मध्ये सुरू झालेले आय-नॅचरलिस्ट ही दोन्ही माध्यमे विनामूल्य असून संवेदनशील जातींची जागा ती आपोआप झाकतात. फेब्रुवारीतील चार दिवसांच्या जागतिक पक्षिगणनेत भारत २०१३ पासून सहभागी होतो, तिच्यात गावतलावावरील पंधरा मिनिटांची यादीसुद्धा चालते. याहून जवळचे ठिकाण म्हणजे स्वतःची ग्रामपंचायत. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकांच्या सहभागातून लोकजैवविविधता नोंदवही तयार करून ती वेळोवेळी अद्ययावत ठेवणे अपेक्षित असते. राज्याचे जैवविविधता मंडळ नागपूर येथे आहे. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांतील वाचकांनी आपल्या गावची ही नोंदवही मागून पाहावी, तीत माळाचे, तलावाचे व धुऱ्याचे जीव आले आहेत का हे तपासावे, आणि नसतील तर आपल्या वर्षभराच्या नोंदींची स्वच्छ प्रत समितीकडे लेखी अर्जासह द्यावी.